बंद डिकीतला दिवा

चातुर्मासात साधु-साध्वी विहार का थांबवतात, हे जैन घरातल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. पावसाने भूमी सजीव होते, पावलोपावली सूक्ष्म जीवांची वस्ती वाढते आणि चालणाऱ्याच्या पायाखाली हिंसा घडण्याची शक्यता शतगुणित होते. श्रावकाचा व्यवहार मात्र चार महिने थांबवता येत नाही. दुकान उघडावे लागते, माल आणावा लागतो, वसुलीला जावे लागते. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. अशा गावी व्यापाऱ्याच्या दारातली मोटारगाडीही त्या काळात एक निराळेच जीवन जगत असते.

मांडवी-मिरकरवाड्याच्या बाजूने येणारा वारा आपल्याबरोबर खारट ओलावा आणतो. तो ओलावा लोखंडावर बसला की गंज चढतो, तांब्या-पितळेच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर जमतो आणि बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी दिसू लागते. त्याच सुमारास जांभ्याच्या गडग्यांतली उंदरांची बिळे पाण्याने भरतात. निराश्रित झालेला तो जीव कोरडी आणि उबदार जागा शोधू लागतो. नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखालची जागा त्याला धर्मशाळेसारखी वाटली, तर त्यात नवल नाही.

म्हणूनच पावसाळ्यात गाड्यांच्या विलक्षण तक्रारी ऐकू येतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद उजळतो, हॉर्न आपोआप वाजतो, पंखा मध्येच फिरू लागतो. ऐकणाऱ्याला यात काही गूढ आहे असे वाटते. वास्तविक त्यात गूढ काही नसते. मागच्या दिव्याच्या अर्थिंगचा जोड गंजला, की ब्रेकच्या दिव्यातून गेलेल्या विजेला परतीची नेहमीची वाट मिळत नाही. ती शेजारच्या इंडिकेटरच्या दिव्यातून वाट काढते आणि दोन्ही दिवे अर्धवट पेटतात. पाण्याचा ओघ अडला की तो शेजाऱ्याच्या अंगणातून वाहू लागतो, तसाच हा प्रकार. कार्य विचित्र दिसले तरी कारण साधेच असते. ते शोधण्याची पद्धत मात्र साधी नसते, आणि त्या पद्धतीचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी करून ठेवलेला आहे.

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राला श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही परंपरा मानतात. त्यात मतिज्ञानाचे चार टप्पे सांगितले आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत त्यांचे सुंदर उदाहरण दिले आहे. दूरवर काहीतरी पांढरे दिसले, हा अवग्रह. ती बगळी असेल की पताका, अशी विशेष जाणण्याची इच्छा, ही ईहा. ती वर-खाली होते आहे, पंख हलवते आहे, यावरून ती बगळीच आहे असा निर्णय, हा अवाय. आणि पुढे कालांतरानेही ते विसरू नये अशी दृढता, ही धारणा. कोकणातल्या भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्याला हे उदाहरण रोज डोळ्यांपुढे दिसते. गाडीतला दोष शोधणारा कुशल कारागीर नकळत याच चार पायऱ्या चढत असतो. ज्याला दोष सापडत नाही, त्याची यांपैकी एखादी पायरी बहुधा गाळलेली असते.

अवग्रह : जे दिसले ते तसेच पाहणे

उदाहरणादाखल रत्नागिरीतले एक व्यापारी घर डोळ्यांसमोर आणावे. राम आळीत धान्य-कडधान्याचे दुकान, थोड्या अंतरावर गोदाम, घरात तीन पिढ्या आणि दारात पाच-सहा वर्षे वापरलेली एक पेट्रोल गाडी. थोरले शेठ आता दुकानात फारसे बसत नाहीत. चिरंजीव कारभार पाहतात. गाडी चालवायला अनेक वर्षांचा विश्वासू चालक आहे.

आषाढात एका सकाळी गाडी सुरू होत नाही. किल्ली फिरवली की नुसती टकटक होते. शेजाऱ्याच्या गाडीला जंपर लावून ती सुरू केली जाते आणि गोष्ट विसरली जाते. आठ दिवसांनी पुन्हा तेच. बॅटरी जुनी झाली असे ठरते आणि नवी बसवली जाते. आठ दिवसांनी नवी बॅटरीही उतरते. मग अल्टरनेटर तपासला जातो. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर चौदा व्होल्टच्या आसपास दाब मिळतो, म्हणजे चार्जिंग उत्तम आहे. गॅरेजमधला मेस्त्री म्हणतो, गाडीत काही दोष नाही. पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा बंद.

आता घरातल्या मंडळींची दृष्टी गाडीवरून माणसाकडे वळते. चालक सुट्टीच्या दिवशी गाडीत बसून गाणी ऐकत असेल, रात्री दार नीट लावत नसेल, कदाचित गाडी परस्पर कोठे नेतही असेल. कोणी उघड बोलत नाही, पण संध्याकाळी किल्ली घरात मागून घेतली जाऊ लागते. ज्या माणसाने मुलांना शाळेत सोडले, थोरल्या शेठांना रात्री-अपरात्री दवाखान्यात नेले, त्याच्या हातातून किल्ली काढून घेताना कोणी कारण सांगत नाही. आणि कारण न सांगितलेली शिक्षा अधिक बोचते.

या साऱ्या गडबडीत पहिली पायरीच राहून गेलेली असते. ‘गाडी बंद पडते’ हे वर्णन अपुरे आहे. कधी बंद पडते? थोरले शेठ दुकानदारीत मुरलेले असतात. खतावणी उघडल्याशिवाय येणे-देणे कळत नाही हे त्यांना ठाऊक असते. ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणा करू लागतात. तीन-चार आठवड्यांच्या खुणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. गाडी फक्त साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी बंद असते. इतर कोणत्याही सकाळी ती पहिल्याच फटक्यात सुरू होते. कितीही पाऊस पडो, कितीही ओलावा असो, एका रात्रीच्या मुक्कामाने तिला काही होत नाही.

एवढी एक ओळ लिहिली गेली की निम्मे काम होते. दोष पावसाशी बांधलेला नाही, उभे राहण्याच्या अवधीशी बांधलेला आहे.

ईहा : शक्यतांची मांडणी

बॅटरी ही गाडीतली विजेची कोठी होय. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिच्यात भर घालतो. इंजिन बंद असताना कोठीतून फक्त खर्च होतो. बंद गाडीतही घड्याळ, गजराची यंत्रणा, संगणकीय भागांची स्मृती यांसाठी थोडी वीज लागतेच. साधारणतः ती एका अँपिअरच्या दोन ते पाच शतांशांइतकी असते. एवढ्या खर्चाने चांगली बॅटरी कित्येक आठवडे टिकते. ती दीड दिवसात रिकामी होत असेल, तर कोठीला कोठेतरी भोक पडलेले आहे.

व्यापाऱ्याला हा हिशेब समजायला वेळ लागत नाही. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली आणि सुट्टीच्या आदल्या रात्री आठपासून सुट्टीनंतरच्या सकाळी आठपर्यंतचे ३६ तास मोजले, तर सुमारे ०.८ अँपिअरची गळती तिला जवळजवळ रिकामी करू शकते. तीच गळती बारा तासांच्या एका रात्रीत दहा अँपिअर-तासांहून कमी वीज नेते. तेवढ्याने गाडी सुरू व्हायची थांबत नाही. दुसऱ्या दिवशी गोदाम, मिरजोळे औद्योगिक वसाहत, हातखंबा, पाली अशा फेऱ्यांत ती भरून निघते. गाडी ‘सुट्टी पाळते’ असे जे वाटत होते, त्याचा अर्थ एवढाच की गळती रोजचीच आहे. जमा बंद पडते तेव्हाच ती दिसते. धंद्यातही हेच घडते. रोजची आवक चालू असते तोवर किरकोळ गळती कोणाला जाणवत नाही. बाजार मंदावला की ती एकदम उघडी पडते.

आता प्रत्येकाच्या मताकडे पाहावे. बॅटरी विकणारा म्हणाला, बॅटरी उतरते आहे. खरे आहे. मेस्त्री म्हणाला, चार्जिंग ठीक आहे. तेही खरे. घरचे म्हणाले, माणसाच्या हलगर्जीपणानेही असे होऊ शकते. शक्यता म्हणून तेही नाकारता येत नाही. जैन न्यायात प्रत्येक नय आपल्या मर्यादेत सत्य असतो. जेव्हा तो इतर सर्व नयांना नाकारून ‘मीच पूर्ण सत्य’ असे म्हणू लागतो, तेव्हा तो दुर्नय होतो. बॅटरी बदलणाऱ्याची चूक बॅटरीकडे पाहण्यात नव्हती, फक्त बॅटरीकडेच पाहण्यात होती. आणि माणसावर संशय घेणाऱ्यांचा दुर्नय सर्वांत महाग, कारण बॅटरीची किंमत पैशांत मोजता येते, तुटलेल्या विश्वासाची येत नाही.

अवाय : निर्णय कसा होतो

गाडीचे वायरिंग जाणणारा अनुभवी कारागीर आला, की तो प्रथम काहीच उघडत नाही. गाडी बंद करून, दारे आणि डिकी लावून, फक्त बॉनेट उघडे ठेवून तो बॅटरीच्या ऋण टोकात मीटर जोडतो आणि थांबतो. आधुनिक गाडीतले संगणकीय भाग किल्ली काढल्यावर लगेच झोपत नाहीत. त्यांना शांत व्हायला वेळ द्यावा लागतो. घाईने घेतलेले मोजमाप येथे फसवते. अर्ध्या-पाऊण तासाने काटा स्थिर होतो आणि दाखवतो: ०.८ अँपिअरहून किंचित अधिक. हिशेबाने सांगितलेला आकडा प्रत्यक्षात समोर येतो.

मग तो एकेक फ्यूज काढतो, पाहतो, पुन्हा बसवतो. हॉर्नचा काढला, आकडा तसाच. पंख्याचा काढला, तसाच. एक फ्यूज काढताच आकडा झरकन तीन शतांशांवर येतो. गळती त्या वाटेवर आहे. तो फ्यूज आतल्या दिव्यांचा. छतावरचा दिवा काचेतून दिसतो. तो विझलेला आहे. उरतो डिकीतला.

येथे एक मौजेची अडचण येते. डिकी उघडून पाहिली तर दिवा पेटलेला दिसतो, आणि तो दिसायलाच हवा, कारण डिकी उघडल्यावर पेटणे हेच त्याचे काम. आधीही मेस्त्रीने डिकी अनेकदा उघडली असेल, दिवा पाहिला असेल आणि सर्व ठीक आहे असे मानले असेल. पाहण्याची कृतीच दोषाला झाकून टाकते. बंद डिकीत दिवा पेटलेला आहे की नाही, हे डिकी उघडून कधीच कळणार नाही.

उपाय सोपा आहे. मोबाइलवर चित्रण चालू करून तो डिकीत ठेवावा, डिकी बंद करावी आणि दोन मिनिटांनी काढून पाहावे. चित्रणात डिकी मिटते, तरी उजेड कायम राहतो. दहा वॉटचा तो लहानसा दिवा बारा व्होल्टवर सुमारे ०.८ अँपिअर वीज घेतो. खतावणीतली रक्कम जुळते.

दिवा विझत का नाही, याचे उत्तर डिकीच्या अस्तराआड असते. अशा दिव्याला वीज कायम पोचलेली असते; डिकीच्या कुलपाजवळचा खटका फक्त परतीची वाट उघडतो वा बंद करतो. त्या खटक्याकडे जाणाऱ्या बारीक वायरचे वेष्टन बोटभर जागी कुरतडलेले आहे आणि आतले तांबे गाडीच्या पत्र्याला टेकलेले आहे. दिव्याच्या दृष्टीने डिकी अहोरात्र उघडीच आहे. दिवा स्वतःच भार असल्यामुळे प्रवाह मर्यादेत राहतो, म्हणून फ्यूजही उडत नाही. अस्तराखाली कागदाचे कपटे, लेंड्या आणि तांदळाचे चार दाणे.

तरीही चोख कारागीर येथे थांबत नाही. हेतूचे लक्षण सांगताना जैन नैयायिकांनी ‘अन्यथानुपपत्ती’ या एकाच कसोटीवर भर दिला: साध्यावाचून जो संभवतच नाही, तोच खरा हेतू. कुरतडलेली वायर सापडली म्हणून तीच कारण ठरत नाही. गाडीत दुसराही दोष असू शकतो. म्हणून वायर दुरुस्त करण्यापूर्वी नुसता दिवा काढून ठेवून गाडी दोन दिवस उभी केली जाते. ती पहिल्या फटक्यात सुरू होते. दिवा परत लावून मीटर पाहिला जातो. आकडा पुन्हा चढतो. कारण काढले की कार्य जाते, कारण आणले की कार्य येते. आता निर्णय झाला. त्यानंतरच वायरला नवे वेष्टन चढते. सारा खर्च एका नव्या बॅटरीच्या तुलनेत नगण्य असतो.

दूरदेशीचा कोळी

रत्नागिरीतल्या उंदराची ही गोष्ट कोणाला किरकोळ वाटेल, तर जगातल्या मोठ्या कारखान्यांनाही असे छोटे जीव विचार करायला लावून गेले आहेत. २०११ मध्ये जपानच्या माझ्दा कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५ हजार ‘माझ्दा ६’ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. पिवळ्या रंगाच्या एका जातीचे कोळी पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेतील हवा घेणाऱ्या नळीत शिरून जाळे विणत होते. नळी तुंबली की इंधनाच्या टाकीतला दाब बिघडतो, टाकीला चीर पडण्याची आणि पेट्रोल गळून आग लागण्याची भीती निर्माण होते. हजारो सुट्या भागांच्या यंत्रात दोषाचे मूळ एका तंतूत निघाले.

कंपनीने प्रथम नळीत एक स्प्रिंग बसवली, म्हणजे कोळ्याला आत शिरता येऊ नये. परंतु कोळी हार मानणारा नव्हता. २०१४ मध्ये सुमारे ४२ हजार गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या आणि या वेळी गाडीच्या संगणकाची आज्ञावलीच बदलण्यात आली, जेणेकरून नळी तुंबली तरी टाकीवर घातक दाब येऊ नये. जैन वाचकाने यातली एक गोष्ट विशेष टिपून ठेवावी. जीव तेथे येणारच हे मान्य करून यंत्राची रचना बदलण्यात आली. ती बदलणाऱ्यांच्या मनात अहिंसेचा विचार असेल-नसेल, परंतु टिकाऊ उपाय त्याच दिशेला सापडला.

क्रमांक तोच, माल निराळा

दुसरी हकीकत अधिक गंभीर आहे आणि व्यापारी घरांनी ती जाणीवपूर्वक वाचावी अशी आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोलेट कोबाल्ट आणि तत्सम गाड्या चालता चालता अचानक बंद पडत. इंजिन थांबे, स्टीअरिंग जड होई आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडत नसे. २०१० मध्ये जॉर्जिया राज्यात झालेल्या एका अपघातात एका तरुणीचा मृत्यू झाला. तिच्या आईवडिलांच्या वतीने चाललेल्या खटल्यात मार्क हूड नावाच्या अभियंत्याकडे त्या गाडीचा किल्लीचा खटका तपासायला आला.

हूड यांनी तो सर्व बाजूंनी तपासला. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. सुमारे ३० डॉलर देऊन तोच भाग, त्याच क्रमांकाचा, नवा विकत आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. नव्या खटक्यातली दांडी जवळजवळ दीड मिलिमीटरने लांब होती आणि त्यामुळे किल्ली जागेवरून हलवायला अधिक जोर लागत होता. जुना खटका इतका सैल होता की गुडघ्याचा धक्का किंवा किल्ल्यांच्या जड जुडग्याचे ओझे त्याला ‘चालू’वरून ढकलायला पुरे होई. म्हणजे कंपनीत कोणीतरी दोष जाणून भाग सुधारला होता, पण त्याचा क्रमांक बदलला नव्हता. परिणामी कागदोपत्री जुना आणि नवा माल एकच दिसत राहिला आणि कारण शोधणारे वर्षानुवर्षे चकत राहिले.

२०१४ मध्ये या खटक्यासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१५ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारला ९० कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. एका न बदललेल्या क्रमांकाची ही किंमत.

श्रावकाच्या बारा व्रतांचे अतिचार ज्याने वाचले आहेत, त्याला येथे दोन शब्द आठवतील. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटी लिखापढी येते आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे एका मालाच्या नावाखाली दुसरा माल चालवणे येते. आचार्यांनी हे नियम धान्य, सोने, कापड यांचा व्यापार डोळ्यांपुढे ठेवून सांगितले असतील. पण मोटारीच्या सुट्या भागालाही ते तंतोतंत लागू पडतात. दुकानातल्या मालाची प्रत बदलली आणि गोणीवरची खूण तीच ठेवली, तर ग्राहकाची तक्रार आल्यावर दोष कोणत्या खेपेचा हे मालकालाही कळत नाही. चोख नोंद ही केवळ कर भरण्यासाठी नसते. कारणापर्यंत परत जाण्याची ती एकमेव पाऊलवाट असते.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. दुकानाचे शटर, गोदाम, तिजोरी, घर या सर्वांच्या किल्ल्या गाडीच्या किल्लीला लटकवण्याची सवय व्यापारी घरांत सर्रास आढळते. गाडी कोणत्याही कंपनीची असो, किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या गाडीला एवढे ओझे देऊ नये. गाडीची किल्ली वेगळी ठेवावी.

धारणा : जे कळले ते टिकवणे

कारण सापडले, वायर जोडली, म्हणजे प्रकरण मिटले असे नाही. कारणालाही कारण असते. वायर उंदराने कुरतडली; पण उंदीर डिकीत का आला? तांदळाच्या आणि तूरडाळीच्या नमुन्यांच्या पुड्या रोज डिकीतून ये-जा करतात, एखादी फुटते, दाणे सतरंजीखाली जातात आणि तसेच राहतात. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. ते झिजवण्यासाठी कुरतडणे त्याला अटळ आहे. तो त्याच्या स्वभावाने वागला. प्रमाद घडला तो दाणे न झाडणाऱ्याकडून. हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, हे आपले शास्त्र सांगतेच. यंत्राच्या बिघाडाच्या मुळाशीही बहुधा तोच असतो.

म्हणून उपाय विषाचा किंवा चिकट फळीचा नसावा. विष खाऊन उंदीर गाडीच्याच कोपऱ्यात मरतो आणि दुर्गंधीने वेगळे संकट उभे राहते. चिकट फळीवरचे त्याचे तासन्‌तास तडफडणे तर पाहवत नाही. जयणेचा मार्ग सोपा आहे आणि तो अधिक टिकतो. डिकी आठवड्यातून एकदा रिकामी करून झाडावी. नमुने झाकणाच्या डब्यात न्यावेत. गाडी कचऱ्याच्या ढिगाजवळ, गोण्यांच्या थप्पीजवळ किंवा गडग्याला अगदी खेटून उभी करू नये. दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर मध्ये एकदा थोडी फिरवून आणावी. होंडा कंपनीने वायरवर गुंडाळण्यासाठी मिरचीतील तिखट द्रव्य लावलेली चिकटपट्टी बनवली आहे; उंदीर तिला तोंड लावत नाही आणि त्याचा जीवही जात नाही. उंदीर आत असल्याची शंका आली तर पिंजरा लावून त्याला दूर सोडावे. त्याची घाण साफ करताना हातमोजे जरूर घालावेत, कारण कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि तो रोग उंदराच्या मूत्रातून पसरतो.

पावसाळ्यात गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा थाप मारण्याची सवयही घरातल्या सर्वांनी लावून घ्यावी. उबेला बसलेले मांजराचे पिल्लू, उंदीर किंवा त्याच्या मागावर आलेला सर्प यांना निघून जायला अवसर मिळतो. ईर्यासमिती ही पायी चालणाऱ्या मुनींची. चाकांवर चालणाऱ्या गृहस्थाला ही थाप तिची आठवण करून देते.

दिनदर्शिकेवरच्या त्या खुणाही पुसू नयेत. गाडीची एक छोटी वही असावी. कोणत्या तारखेला काय बिघडले, त्या वेळी पाऊस होता की ऊन, गाडी किती वेळ उभी होती, कोणता भाग बदलला, एवढे चार रकाने पुरतात. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ लिहिला, त्यांना हे शिकवावे लागू नये. पुढच्या वेळी आलेला कारागीर ती वही वाचून पहिल्याच तासात योग्य जागी हात घालील.

उदाहरणातल्या त्या घरात आणखी एक हिशेब मात्र अजून बाकी असतो. वायर जोडली गेली, तरी चालकाच्या हातातून काढून घेतलेली किल्ली अजून घरातच आहे. संशय मनात धरला आणि बोलून दाखवला नाही, म्हणून तो घडलाच नाही असे होत नाही. पर्युषणाच्या अखेरीस चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली जाते. संदेश दूरदूरच्या नातेवाइकांना आणि व्यापाऱ्यांना जातात. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस मात्र पुष्कळदा दारातच उभा असतो आणि त्याच्यापर्यंत ते दोन शब्द पोचत नाहीत.

चिरंजीवांनी त्याला बोलावून डिकीतले ते चित्रण दाखवावे, कुरतडलेली वायर हातात द्यावी आणि स्पष्ट सांगावे की दोष येथे होता, तुमच्यात नव्हता. आमच्या मनात आले ते चुकले, मिच्छामि दुक्कडं. मग किल्ली त्याच्या हाती द्यावी, आणि ती रोज संध्याकाळी मागून घेणे बंद करावे.